घार बदनाम, मुंगूस मोकळं

कुंभारवाडा हे जोयडा तालुक्यातल्या एका गावाचं नाव आहे, तसंच ते काळी व्याघ्र प्रकल्पातल्या एका वनपरिक्षेत्राचंही आहे. 1956 साली दांडेली अभयारण्य झालं, 1987 साली अणशी राष्ट्रीय उद्यान झालं, 2007 साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 पासून त्याला काळी नदीचं नाव मिळालं. वाघ, काळा बिबट्या, धनेश आणि नागराज बघायला लांबून माणसं इथे येतात. परसात कोंबड्या पाळणाऱ्या घराला मात्र वाघापेक्षा जवळची चिंता असते ती कण्या टिपत फिरणाऱ्या दहा-बारा पिल्लांची. सकाळी बारा सोडली, संध्याकाळी खुराड्यात नऊ आली, तर तिघांचं काय झालं?

उत्तर तयार असतं: घारीने नेली. कोणी पाहिलेलं नसतं, पण निकाल लागलेला असतो. आणि निकाल चुकला की उपायही चुकतो. आभाळाकडे बघून ओरडण्यात दिवस जातात आणि खुराड्याच्या मागचं भोक तसंच राहतं.

घार निर्दोष आहे असं नव्हे. साधी घार पिल्लं उचलते, भर अंगणातून उचलते. पण तिचं पोट मुख्यतः मेलेली जनावरं, मासळीबाजारातली घाण, उंदीर आणि बेडूक यांवर चालतं. तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार काळीच्या पाण्याकाठी मासे आणि खेकडे शोधत असते. पिल्लू मिळालं तर सोडत नाही, पण ते तिचं रोजचं अन्न नव्हे. जंगलावर गिरक्या घालत कर्कश शीळ मारणारा सर्पगरुड नावाप्रमाणे साप-सरडे खातो. खुराड्याभोवतीचे साप कमी करणारा हा पाहुणा दगड मारून हाकलावा असा अजिबात नाही. मधुबाज दिसायला भला मोठा, पण त्याचा जीव गांधीलमाशा आणि मधमाश्यांच्या पोळ्यांतल्या अळ्यांवर. खालून पाहिलं तर हे सगळे सारखेच, म्हणजे पसरलेले पंख आणि वाकडी चोच. म्हणून सगळ्यांवर एकच आरोप.

ज्यांना खरोखर भ्यावं ते उंच उडतच नाहीत. शिक्रा हा कबुतराएवढा बाज आहे. तो फणसाच्या किंवा आंब्याच्या दाट फांदीत अंग चोरून बसतो. खाली पिल्लं पांगली, आई दोन पावलं पुढे गेली, की तो फांदी सोडतो आणि थेट खाली न येता जमिनीलगत, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, भिंतीच्या किंवा गवताच्या गंजीच्या आडोशाने सरळ रेषेत येतो. पिल्लू उचलतो आणि त्याच वेगात पलीकडच्या झाडीत शिरतो. ओसरीवर बसलेल्या माणसाला फक्त कोंबडीचा कलकलाट ऐकू येतो. वर पाहावं तर उंचावर एक घार निवांत फिरत असते. आरोपी सापडला! दुसरी खरी धास्ती मोरघारीची. ही जंगलाच्या कडेच्या झाडावर तासन्‌तास हलत नाही. ससे, रानकोंबड्या, मोरांची पिल्लं ही तिची शिकार आणि वस्ती जवळ असेल तर गावच्या कोंबड्याही. आभाळाकडे बघत हाकारे घालणाऱ्याची पाठ बहुतेक वेळा नेमकी या दोघांकडे असते.

दुसरा गैरसमज वजनाचा. ‘घारीने अख्खी कोंबडी उचलून नेली’ हे वाक्य शपथेवर सांगितलं जातं. साध्या घारीचं स्वतःचं वजन किलोभरही भरत नाही. पंख पसरले की ती केवढी तरी वाटते, पण पिसांना वजन नसतं. वाढलेली गावरान कोंबडी सव्वा-दीड किलोची असते. आपल्याहून जड ओझं पायांत धरून झाडावर चढणं घारीच्या आवाक्यातलं नाही, आणि शिक्र्याच्या तर नाहीच नाही, कारण तो फार तर पाव किलोचा. दीड किलोच्या घरातली मोरघार मोठी कोंबडी मारू शकते, पण तीही उचलून लांब नेण्यापेक्षा जागीच किंवा जवळच्या झुडपात ओढून खाते. त्यामुळे वाढलेली कोंबडी मागे काही न ठेवता गायब झाली असेल तर संशय पंखांवर घेऊ नये. चार पायांवर, दोन पायांवर किंवा बिनपायांच्या जनावरावर घ्यावा. दोन पायांचा चोर गावात नसतोच असं कोण म्हणेल?

वेळ पाहिली तर निम्मा तपास तिथेच होतो. घार, शिक्रा, मोरघार हे दिवसाचे शिकारी. सूर्य मावळला की तेही आपल्यासारखेच झोपतात. रात्री मोठी घुबडं हिंडतात, पण बंद खुराड्यात शिरणं त्यांना जमत नाही. सकाळी दार उघडल्यावर दोन कोंबड्या कमी दिसल्या, तर घारीला त्या रात्रीच्या प्रकरणातून वगळायलाच हवं.

मग रात्री कोण येतं? जवादी मांजर, रानमांजर, वाघाटी, कुत्रा, कधी बिबट्या. नाग अंडी आणि लहान पिल्लं गिळतो. अजगर कोंबडी गिळून फुगलेल्या पोटाने खुराड्यातच अडकून पडतो, कारण आला त्या भोकातून त्याला परत जाता येत नाही. अशा वेळी काठी घेण्यापेक्षा वनखात्याच्या माणसाला बोलावणं शहाणपणाचं. उदमांजराचं नाव या यादीत फार वर घेतलं जातं. ते कोंबडी मारतं हे खरं, पण त्याचा मुख्य आहार फळांचा आहे आणि त्याच्या नावावर जमा झालेले बरेच खून जवादी मांजराचे असावेत. मुंगूस रात्रीचं नव्हे, दिवसाचं. ते कुंपणाच्या बुडातून येतं, अंडी फोडतं, पिल्लं नेतं आणि घारीच्या शिव्यांआड निर्धास्त राहतं. डोमकावळाही तसाच. छपरावर रोज बसणारा, ओळखीचा, म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. आठवड्याच्या आतलं पिल्लू आणि उघड्यावरचं अंडं त्याला पुरेसं असतं.

मागे काय उरलं तेही बोलकं असतं. शिकारी पक्षी खाण्याआधी पिसं उपटतो. एका जागी पिसांचा गोल ढीग पडतो आणि पिसांचे देठ बुडापासून निघालेले, शाबूत असतात. कुत्रा किंवा मांजरकुळातलं जनावर दातांनी तोडतं. देठ मोडलेले, चावलेले आणि पिसं वाटेभर सांडलेली दिसतात. एका रात्रीत चार-पाच मेलेल्या आणि बहुतेक न खाल्लेल्या कोंबड्या मिळाल्या तर ते सस्तन जनावराचं काम. कोंडलेली, फडफडणारी शिकार समोर आली की ते मारतच सुटतं. बाज एका वेळी एकच घेतो.

आता कोंबड्याकडे वळू. घरात एक तगडा कोंबडा असला की घारीची हिंमत होत नाही, असं खूप ठिकाणी मानतात. कोंबडा लढतो, हे खरं. मांजराच्या अंगावर धावून जाणारे कोंबडे पुष्कळांनी पाहिले असतील. पण बाजाशी झुंजून त्याला पाडणं हा नियम नव्हे, अपवाद. कोंबड्याचा खरा उपयोग गळ्याचा आहे. अमेरिकेत ख्रिस्तोफर इव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पिंजऱ्यावर टांगलेल्या पडद्यावर बाजाची हलती चित्रं दाखवून कोंबड्यांचे आवाज टिपले. वरून येणाऱ्या शत्रूसाठी त्यांचा एक आवाज आणि जमिनीवरून येणाऱ्यासाठी वेगळाच. पुढे हे आवाज नुसते ऐकवले, तेव्हा समोर शत्रू नसतानाही कोंबड्या पहिल्या आवाजाला आडोशाकडे पळून अंग चोरत आणि वर बघत. दुसऱ्या आवाजाला मान ताठ करून उभ्या राहत. म्हणजे कोंबडा नुसता ओरडत नाही, कुठून संकट आलं तेही सांगतो. शिवाय जवळ कोंबडी असेल तर तो जास्त ओरडतो, एकटा असला तर बहुधा गप्प राहतो. सिडनीतल्या संशोधकांना पुढे असंही दिसलं की तो स्वतः झुडपाखाली सुरक्षित असला तर इशारा लांबवतो. शूर आहे, पण हिशेबी आहे.

परसात कान देऊन बसणाऱ्याला हे दोन आवाज थोड्या दिवसांत ओळखू येतात. वरच्या धोक्याचा आवाज लांब, बारीक, ओढलेला. खालच्याचा तुटक, ‘कट् कट् कट्’ असा, बराच वेळ चालणारा. दुपारी तुटक कलकलाट चालू असेल तर आभाळ सोडून कुंपणाच्या बुडाशी बघावं.

पिल्लाला जन्मतःच बाज ओळखता येतो, हा समज तर पुस्तकांतही शिरला होता. कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी 1930 च्या दशकात पुठ्ठ्याची एक आकृती पिल्लांच्या डोक्यावरून सरकवली. ती एका दिशेने नेली की आखूड मानेचा बाज वाटे, उलट दिशेने नेली की लांब मानेचा हंस. पक्षी बाजाला घाबरत, हंसाला नाही. पण 1961 साली वोल्फगांग श्लाइट यांनी टर्की पक्ष्यांवर पुन्हा प्रयोग केले तेव्हा वेगळं दिसलं. जी आकृती वारंवार दिसते तिची सवय होऊन भीती जाते, क्वचित दिसणारी घाबरवते. परसातल्या माणसासाठी याचा अर्थ एवढाच, की पिल्लू अर्धं शहाणपण आईकडून आणि अनुभवातून मिळवतं. यंत्रात उबवलेली, आईविना वाढलेली पिल्लं आणून एकदम अंगणात सोडली तर पहिल्या पंधरवड्यात ती जास्त मरतात यात नवल नाही.

श्लाइटचा तोच निष्कर्ष बुजगावण्यालाही लागू पडतो. मेलेला कावळा टांगणं, जुन्या कॅसेटची फीत ताणणं, सीडी लटकवणं, चुना फासलेलं मडकं काठीवर उपडं घालणं, पिल्लांना गुलाबी-जांभळा रंग लावणं, हे सगळं चालतं. काही दिवस चालतं. बाजाची नजर माणसाहून तीक्ष्ण आणि रंगांची पारख असलेली असते. जांभळं पिल्लू त्याला पहिल्यांदा विचित्र वाटत असेल, पण एकदा खाऊन पाहिलं की जांभळं पिल्लूही पिल्लूच. वस्तू आणि जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलत राहिल्या तरच उपयोग, आणि एवढा उत्साह दुसऱ्या आठवड्यात कोणाच्याच घरी टिकत नाही.

टिकतो तो आडोसा. हे शिकवायला कुंभारवाड्याला बाहेरून तज्ज्ञ नको, जंगलातला राखी रानकोंबडा पुरे. याच मोरघारी, याच शिक्र्यांच्या नजरेखाली तो हजारो वर्षं पिल्लं वाढवत आला आहे. त्याची मादी तपकिरी, ठिपक्यांची, पालापाचोळ्यात मिसळून जाणारी. झुडपापासून ती फार लांब जात नाही आणि रात्री जमिनीवर नव्हे, फांदीवर मुक्काम करते. आपल्या अंगणातली कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्याची वंशज आहे. पण स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2008 साली दाखवून दिलं की जगभरच्या कोंबड्यांच्या पायांना आणि कातडीला पिवळा रंग देणारा जनुकीय अंश या दक्षिणी, राखी रानकोंबड्याकडून आला आहे. म्हणजे जगातली निम्मी चिकनची दुकानं सह्याद्रीच्या या कोंबड्याची थोडी तरी देणेकरी आहेत.

आपण मात्र अंगण सारवून लख्ख करतो, झुडपं तोडतो आणि त्या मोकळ्या मैदानात पिल्लं सोडतो. बाजाला यापेक्षा सोयीची जागा मिळणार नाही. चार-पाच पावलांवर शिरायला जागा हवी. करवंदीची जाळी, केळीची दाटी, काट्याकुट्यांचा ढीग, सुरणाच्या पानांची सावली, काही नाही तर दोन दगडांवर ठेवलेली जुनी फळी. जोयड्यातल्या कुणबी घरांच्या परसात कंदमुळांचे वेल मांडवावर चढलेले असतात. तो मांडव पिल्लांसाठी आयतं छप्पर आहे. (पिल्लं कंदांची माती उकरतात, ही तक्रार रास्त आहे. वेलाच्या बुडाशी काटे लावावेत.) उघड्या जागेवर माशाचं जुनं जाळं ताणून बांधलं तर उत्तम. घाट उतरला की कारवार. किनाऱ्यावर अशी जाळी टाकून दिलेली असतात. जाळं ढिलं मात्र ठेवू नये, आणि जमिनीला टेकू देऊ नये. त्यात धामण अडकून मरते, आणि धामण म्हणजे उंदरांचा काळ.

पहिला महिना डालग्याचा. बांबूच्या पट्ट्यांत दोन बोटांहून जास्त फट नको, नाहीतर कावळा चोच घालून पिल्लाचा पाय ओढतो. वर धोंडा ठेवावा. कुत्रा नाकाने डालगं उलटं करतो. आई आणि पिल्लं दोघं आत, पाणी पसरट ताटलीत, त्यात पिल्लू बुडू नये म्हणून चार खडे. दीड-दोन महिन्यांत गावरान पिल्लू पाव किलोच्या पुढे गेलं की शिक्रा आणि घार यांच्या यादीतून ते जवळजवळ बाहेर पडतं.

कोंबडी कधी बसवावी यालाही महत्त्व आहे. शिक्रा साधारण मार्च ते जून या काळात घरटं करतो. त्याच्या घरट्यात भुकेली तोंडं आणि आपल्या अंगणात कोवळी पिल्लं, अशी गाठ पडली की नुकसान ठरलेलं. जून लागला की इथला धो धो पाऊस, आणि भिजलेलं पिल्लू गारठून मरतं. म्हणून पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात खुडूक झालेल्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावीत. 21 दिवसांनी पिल्लं निघतात आणि मार्चपर्यंत ती तलंगा-कोंबडे होऊन जातात.

जात बदलली की प्रश्न सुटतो, असंही सांगणारे भेटतात. त्यात थोडं तथ्य आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी काढलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया रंगीत पिसांच्या आणि लांब तंगड्यांच्या आहेत. पळून जीव वाचवणं त्यांना जमतं. इज्जतनगरच्या संस्थेने असील रक्तातून काढलेल्या जातीचं नावच ‘निर्भीक’. बंगळुरूची गिरिराजा अंगाने भारी, लहान बाजाला न आवरणारी, पण फांदीवर चढायला जड. अंडीही गावरानपेक्षा जास्त. गावरान कोंबडी वर्षाला 50-60 देते, तर या त्याच्या दुप्पट किंवा अधिक. पण पहिले सहा आठवडे कुठल्याही जातीचं पिल्लू हे बाजासाठी पिल्लूच असतं, आणि सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे सांभाळायला आई नाही. एक-दोन गावरान कोंबड्या दाईसारख्या ठेवाव्याच लागतात.

राहिला बंदुकीचा मार्ग. शिक्रा, मोरघार, सर्पगरुड, झाडून सगळे शिकारी पक्षी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर तीन ते सात वर्षं कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25 हजार रुपये दंड. कायदा बाजूला ठेवला तरी हा सौदा तोट्याचा. रिकामी झालेली जागा दुसरा बाज थोड्याच दिवसांत घेतो, आणि नवखा, तरुण बाज अंगणातल्या सोप्या शिकारीकडे जास्त वळतो. त्यापेक्षा अंगणातल्या झाडावर कोतवालाचं घरटं असेल तर ते जपावं. घरट्याच्या दिवसांत हा काळा, शेपूटफाट्या पक्षी घारीच्या आणि डोमकावळ्याच्या पाठीवर अक्षरशः चोची मारत त्यांना हद्दीबाहेर घालवतो. पगार मागत नाही.

आणि या सगळ्या जमाखर्चात सगळ्यात मोठा आकडा बाजाचा नाहीच, तो मानमोडीचा आहे. सरकारी कागदात तिचं नाव रानीखेत. 1920 च्या दशकाच्या अखेरीस उत्तराखंडातल्या त्या गावी ती सापडली म्हणून. जवळपास त्याच सुमारास ती जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसललाही नोंदली गेली. हिरवट पातळ हगवण, धाप, आणि मग मान वळून पाठीवर पडणं. लस न टोचलेल्या वाडीत ती शिरली की आठवड्याभरात खुराडी रिकामी होतात. बाज वर्षभरात जेवढी पिल्लं नेईल त्याहून जास्त ती त्या आठवड्यात नेते. आणि इथेच घारीवरचा आळ पक्का होतो. आजारी पिल्लू मागे पडतं, इशारा ऐकून पळू शकत नाही, पंख पाडून उघड्यावर उभं राहतं. बाज नेमकं तेच उचलतो. लोकांना बाज दिसतो, आजार दिसत नाही.

2019 च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या 31.7 कोटी भरल्या, 2012 पेक्षा सुमारे 46 टक्क्यांनी जास्त. एवढी वाढ झाली तरी लस मात्र वाडीपर्यंत पोचायला अडते, आणि अडते ती एका साध्या कारणाने. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी टोचून दुसरी मात्रा, एवढंच काम. पण लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या घरासाठी ती कोण फोडणार? तेव्हा कुंभारवाड्यातल्या आणि तशाच कुठल्याही वाडीतल्या कोंबड्यावाल्यांनी पंधरा-वीस घरांची मिळून एक तारीख ठरवावी, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवावं, आणि त्या दिवशी उजाडायच्या आत, खुराड्यांची दारं उघडण्यापूर्वी, सगळ्या कोंबड्यांना एकदमच लस टोचून घ्यावी.